घरांतला द्वाड ससा

ससा घरीं येतो तो बहुधा मुलांच्या हट्टामुळें; आणि आणणाऱ्यांची समजूत अशी असते कीं, हा भित्रा, मऊ व निरुपद्रवी प्राणी एका कोपऱ्यांत गाजर कुरतडीत बसून राहील. महिना लोटतो न लोटतो तोंच दिव्याची तार तुटलेली, पुस्तकांच्या कडा कातरलेल्या आणि सतरंजीला भोंक पडलेलें दिसूं लागतें. ससा द्वाड निघाला, असा निकाल लागतो. मग त्याची रवानगी गच्चीवरील पिंजऱ्यांत होते, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्याला एखाद्या बागेंत सोडून देण्यांत येतें. बागेंत सोडलेला पाळीव ससा कुत्रीं, मांजरें व घारी यांच्या तावडींतून फार दिवस वांचत नाहीं. एका कातरलेल्या तारेपायीं जीव जावा, हा न्याय जरा कडकच म्हटला पाहिजे.

या गैरसमजाचें एक मूळ भाषेंत आहे. मराठींत ‘ससा’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या प्राण्यांना लावला जातो. दख्खनच्या माळावर दिसणारा, लांब पायांचा, काळ्या मानेचा रानससा बीळ करीत नाहीं. तो गवताच्या आडोशाला उघड्यावरच बसतो आणि त्याचीं पिलें अंगावर केस व डोळे उघडे अशींच जन्मास येतात. त्याला धरून पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे. बाजारांत मिळणारा पांढरा किंवा कबरा ससा मात्र मूळचा स्पेन-पोर्तुगालकडील. तो जमावानें भुयारें खणून राहणारा. त्याचीं पिलें आंधळीं व केसांवांचून जन्मतात आणि बिळाच्या उबेंत वाढतात. घरांतल्या सशाच्या बहुतेक खोड्या या भुयाराच्याच खोड्या आहेत.

सतरंजी उकरतांना तो बीळ खणीत असतो. तार ही त्याच्या लेखीं भुयारांत लोंबणारें मूळ. तें वाटेंत आलें कीं कापावयाचें. शिवाय त्याचे दांत जन्मभर वाढत असतात, आणि ते झिजले नाहींत तर तोंड मिटणें व खाणें दोन्हीं अवघड होतें. खुर्चीच्या पायाला तो हनुवटी घांसतो, तेव्हां हनुवटीखालच्या ग्रंथींतील वास तेथें लावून ‘ही जागा माझी’ असें नोंदवीत असतो. मनुष्याच्या नाकाला त्या वासाचा पत्ताही लागत नाहीं.

अशा प्राण्याला मारून वळण लागत नाहीं. कुत्र्याला धन्याचा राग समजतो. सशाला फक्त एवढेंच समजतें कीं, आपल्यावर कोणी तरी झडप घातली. तो ज्या जातींत जन्मला तिला कोल्हा, घार, मुंगूस हे सर्व खात आले आहेत. म्हणून वरून येणारा हात त्याला शत्रूचाच वाटतो, आणि उचलल्यावर तो मागच्या पायांनीं इतक्या जोरानें झटका देतो कीं, त्यांत त्याचाच कणा मोडण्याची भीति असते. कान धरून उचलणें तर सर्वथा वर्ज्य. त्याच्याशीं ओळख करावयाची ती जमिनीवर बसून, आणि पुढाकार त्याला घेऊं देऊन. तारा नळींत घालाव्या किंवा उंच न्याव्या. आणि उकरण्यासाठीं पुठ्ठ्याच्या खोक्यांत रद्दी कागद व पेंढा भरून द्यावा. बंदी घालण्यापेक्षां बदली वस्तु देणें केव्हांही स्वस्त पडतें.

शौचाचें वळण मात्र लोक समजतात त्यापेक्षां पुष्कळच सोपें आहे, कारण तें त्याच्या अंगींच असतें. ससा एक कोपरा स्वतःच निवडतो. घमेलें त्याच कोपऱ्यांत ठेवावें. आपल्या सोयीच्या कोपऱ्यांत ठेवण्याचा आग्रह धरूं नये. तळाशीं कागद, आणि कडेला वाळलेल्या गवताची जुडी. कारण खातां खातां लेंड्या टाकणें ही त्याची रीतच आहे. तारुण्यांत आल्यावर तो जागोजागीं मुतूं लागतो. त्यावर खच्चीकरण हाच उपाय. मादीचें गर्भाशय काढण्यानें आणखी एक मोठें संकट टळतें, कारण चार वर्षांवरील माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. अमेरिकेंत मॅरिनेल हॅरिमन यांनीं घरांत मोकळ्या वावरणाऱ्या सशावर १९८५ सालीं पुस्तक प्रसिद्ध केलें आणि १९८८ सालीं कॅलिफोर्नियांत ‘हाउस रॅबिट सोसायटी’ निघाली. त्यापूर्वीं तिकडेही ससा म्हटला म्हणजे परसांतलें खुराडेंच बहुतेकांच्या डोळ्यांपुढें येई.

नांवानें हांक मारतांच येण्यास तो शिकतो. प्रत्येक हांकेबरोबर कोथिंबिरीची एक काडी, एवढेंच त्याचें मोल. पण शिकवणी पहांटे किंवा सांजवेळीं घ्यावी. दुपारीं तो झोंपाळू असतो व विद्यार्जनास मुळींच राजी नसतो. मागचा पाय जमिनीवर आपटला तर धोका. हवेंत उडी मारून अंग पिळवटलें तर आनंद. एकाएकीं कुशीवर धाडदिशी पडला तर नवख्या मालकाचें काळीज थांबतें, परंतु तो नुसता निश्चिंत झालेला असतो.

सगळेच ससे सारखे माणसाळतील, अशी अपेक्षा मात्र व्यर्थ आहे. इंग्रज कवि विल्यम कूपर यानें १७७४ च्या सुमारास तीन पिलें पाळलीं व १७८४ सालीं त्यांची हकीकत छापली. तीं रानसशांचीं होतीं खरीं, पण गोष्ट तीच. ‘पस’ला आजारांत त्यानें जपलें, तेव्हां बरा झाल्यावर तो कूपरचा हात चाटूं लागला, ‘टायनी’चीही तशीच शुश्रूषा केली, तरी तो जन्मभर पंजा मारीतच राहिला.

आहाराविषयीं एकच गोष्ट ठासून सांगण्याजोगी आहे. वाळलेलें गवत हेंच त्याचें मुख्य अन्न, त्यावर थोडा पाला. गाजर हा गोड खाऊ समजावा. सशाला ओकारी होत नाहीं, आणि त्याचें आंतडें सतत चालतें राहावें लागतें. दुखणें लपविणें हाही त्याचा जातिस्वभाव. म्हणून अर्धा दिवस त्यानें गवताला तोंड लावलें नाहीं व लेंड्या पडल्या नाहींत, तर उद्यांची वाट न पाहतां त्याच दिवशीं पशुवैद्याकडे न्यावें. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत हा धोका दुप्पट. सशाला घाम येत नाहीं, कानांवाटेंच तो उष्णता टाकतो. तेव्हां दुपारीं थंड फरशी, भरलेला माठ जवळ आणि कानांना ओल्या बोटांचा स्पर्श, एवढी तजवीज वैशाखांत रोज असावी.