संगणक-जालातील रहदारीचे मोजमाप

जबलपूरहून कटनीकडे निघाले म्हणजे वाटेत पनागर लागते. जबलपूर जिल्ह्यातील एका विकासखंडाचे हे मुख्य ठिकाण होय. २०११ साली मंजूर झालेल्या आणि २०१५ साली ‘भारतनेट’ हे नाव मिळालेल्या राष्ट्रीय योजनेत ऑप्टिकल फायबरची, म्हणजे प्रकाशवाही काचतंतूंची, तार अशाच ठिकाणांपासून ग्रामपंचायतींपर्यंत नेण्याचे ठरले. प्रत्येक ग्रामपंचायतीस दर सेकंदाला १०० मेगाबिट एवढी वहनक्षमता मिळावी, असा त्यामागील हेतू होता.

परंतु तार पोहोचली म्हणजे काम संपले असे नव्हे. शाळेत परीक्षेचे अर्ज भरण्याचा दिवस असावा आणि नेमक्या त्याच वेळी पडद्यावरील चित्र जागीच थिजावे, हा अनुभव अनेकांच्या परिचयाचा आहे. ‘इंटरनेट चालत नाही’ ह्या एका तक्रारीत तीन निरनिराळी दुखणी दडलेली असू शकतात: मार्ग तुटलेला असेल, मार्ग भरून गेला असेल, किंवा मार्ग मोकळा असूनही त्यावरून जाणारी माहिती वाटेतच बिघडत असेल. तिन्हींवरील उपाय वेगळे आहेत. तारेतील दोष न शोधता अधिक क्षमतेची जोडणी विकत घेणे म्हणजे सार्वजनिक पैशाचा अपव्ययच होय.

हे निदान ‘स्विच’ नावाच्या पेटीच्या साहाय्याने करता येते. इमारतीतील संगणकांच्या तारा ज्या खाचांत येऊन मिळतात त्यांना ‘पोर्ट’ म्हणतात. एका पोर्टातून आलेली माहिती योग्य त्या दुसऱ्या पोर्टाकडे पाठविणे हे स्विचचे मुख्य कार्य. ते करीत असतानाच व्यवस्थापनाची सोय असलेला स्विच प्रत्येक पोर्टाची नोंद ठेवीत असतो. ती दुरून वाचता यावी म्हणून ‘एस.एन.एम.पी.’ नावाचे संकेत १९८८ साली प्रसिद्ध झाले व ते पुढे जगभर रूढ झाले.

ह्या नोंदीत पोर्टाच्या दोन अवस्था लिहिलेल्या असतात. पहिली, चालकाने पोर्ट चालू ठेवला आहे की बंद. दुसरी, तो प्रत्यक्षात चालू आहे की नाही. दोन्ही ठिकाणी ‘बंद’ असल्यास पोर्ट हेतुपुरस्सर मिटलेला आहे. पहिल्या ठिकाणी ‘चालू’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘बंद’ असल्यास मात्र तार तुटली आहे, सैल झाली आहे, किंवा पलीकडील यंत्राची वीज गेली आहे, असे समजावे. तिसरी पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे वेग. तांब्याच्या तारेवरून सेकंदाला १,००० मेगाबिट नेण्यास तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटांस दोनच पुरतात. एखादी जोडी तुटल्यास पोर्ट ‘चालू’ दिसतो, पण पुष्कळदा दहापट मंद गतीने.

रहदारीचे मोजमाप घरातील विजेच्या मीटरसारखे होते. पोर्टातून गेलेल्या प्रत्येक बाइटागणिक गणक पुढे सरकतो. त्याचा एकच आकडा काही सांगत नाही. दोन आकड्यांतील अंतर घ्यावे लागते. समजा, पाच मिनिटांच्या अंतराने वाचलेल्या आकड्यांत ३७,५०,००,००० बाइटांचा फरक आला. एका बाइटात आठ बिट असल्यामुळे हे ३०० कोटी बिट झाले. त्यास ३०० सेकंदांनी भागिले असता सेकंदाला एक कोटी बिट, म्हणजे १० मेगाबिट, हे उत्तर येते. १०० मेगाबिटांच्या मार्गाचा हा केवळ दशांश उपयोग.

येथेच सावध राहिले पाहिजे. तोच मार्ग तीस सेकंद तुडुंब भरून उरलेली साडेचार मिनिटे रिकामा राहिला, तरी बेरीज ३०० कोटी बिटच येते आणि सरासरीही तीच निघते. अर्ज भरणाऱ्या मुलांची खोळंबा होण्याची वेळ त्या अर्ध्या मिनिटातील असते. डेन्मार्कच्या एर्लांग ह्या गणितज्ञाने १९०९ साली दूरध्वनीच्या रहदारीस संभाव्यतेचे गणित लाविले, तेव्हापासून विकसित झालेल्या शास्त्रात दिवसाच्या सरासरीपेक्षा गर्दीच्या तासाला अधिक महत्त्व दिले जाते, ते ह्याच कारणाने.

दुसरा धोका गणकाच्या आकाराचा. जुना ३२ बिटांचा गणक ४,२९,४९,६७,२९६ ह्या संख्येस पोहोचताच पुन्हा शून्यावर येतो. पूर्ण भरलेल्या १०० मेगाबिटांच्या मार्गावर हे सुमारे ३४३ सेकंदांत घडते, १,००० मेगाबिटांच्या मार्गावर अवघ्या ३४ सेकंदांत. तेथे पाच मिनिटांनी घेतलेले वाचन निरर्थक ठरते. म्हणून ६४ बिटांचे गणक आले. ते त्याच वेगाने भरण्यास साडेचार हजारांहून अधिक वर्षे लागतील.

‘आत’ आणि ‘बाहेर’ हे शब्द स्विचच्या दृष्टीने असतात हेही ध्यानात ठेवावे. विद्यार्थ्याच्या संगणकाकडे येणारी माहिती त्याच्या पोर्टातून ‘बाहेर’ जाते. बिघडलेल्या पुड्यांचा आकडा वाढत असेल तर तार तपासावी; जागेअभावी टाकून दिलेल्या पुड्यांचा वाढत असेल तर मार्ग अपुरा पडतो आहे असे समजावे.

जबलपूर शहरास ह्या विद्येचा वारसा आहे. दूरसंचाराचे शिक्षण देणारे केंद्र तेथे १९४२ साली निघाले. आज ते भारतरत्न भीमराव आंबेडकर ह्यांच्या नावाने ओळखले जाते. मात्र वर सांगितलेले गणित करावयास वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार एवढेच पुरेसे आहे. ते शाळेतील मुलासही येते. दर पाच मिनिटांचा आकडा वहीत उतरवून आठवडाभराचा आलेख काढला, तर अधिक क्षमता मागावी की नवी तार, ह्याचे उत्तर कोणाच्या तर्कावर अवलंबून राहत नाही.