आतलं घड्याळ (लेखांक 14) : गुहेला दिवेलागण कोण सांगतं?

आज डॉल्फिनच्या अर्ध्या झोपेवर लिहायचं कबूल केलं होतं. डॉल्फिनला आठवडाभर थांबावं लागणार. राजापूरकडच्या एका निवृत्त गुरुजींचं पत्र आलंय आणि ते खिशात घेऊन मी चार दिवस फिरतोय.

गुरुजी लिहितात, "तुमचा तो मिशेल सिफ्र दोन महिने गुहेत राहिला आणि त्याचा हिशेब 25 दिवसांनी चुकला. आमच्या सड्याखालच्या गुहेत पाकोळ्या (म्हणजे लहान वटवाघळं) पिढ्यान्‌पिढ्या राहतात. आत हात पुढे केला तर दिसत नाही. तरी रोज दिवेलागणीला, आमची आई तुळशीपाशी पणती लावायची त्या सुमाराला, त्या बाहेर पडतात. एक दिवस चुकल्याचं आठवत नाही. शिकला-सवरलेला माणूस चुकला. पाकोळीला वेळ कोण सांगतं?"

शाळेत असा प्रश्न विचारणारा मुलगा बाकावर उभा राहायचा किंवा पुढे शास्त्रज्ञ तरी व्हायचा.

आधी सिफ्रची, म्हणजे घड्याळाविना गुहेत राहून दिवस मोजणाऱ्या त्या फ्रेंच संशोधकाची, थोडी बाजू घेऊ. तो 16 जुलै 1962 ला खाली उतरला आणि 14 सप्टेंबरला वर आला, तेव्हा त्याच्या लेखी 20 ऑगस्ट होता. पण ही चूक त्याच्या डोक्यातल्या मोजणीची. झोपताना आणि उठल्यावर तो वर फोन करायचा आणि वरची मंडळी त्या वेळा टिपून ठेवायची. त्या नोंदी मांडल्यावर दिसलं, की मनाने दिवस गमावले तरी शरीर इमानदारीत झोपत-उठत होतं, साधारण साडेचोवीस तासांच्या फेऱ्यात. म्हणजे घड्याळ चालू होतं, फक्त रोज अर्धा तास मागे पडत होतं.

अर्धा तास ऐकायला किरकोळ वाटतो. पण एखाद्या पाकोळीचं घड्याळ रोज अर्धा तास मागे पडू लागलं, तर 24 दिवसांत ती 12 तास मागे जाईल. आज संध्याकाळी सातला बाहेर पडणारी महिना भरायच्या आत सकाळी सातला बाहेर पडेल, आणि गुहेच्या तोंडाशी शिकरा तयारच असेल. तेव्हा गुरुजींच्या प्रश्नातला खरा पेच असा : आतलं घड्याळ प्रत्येक जिवात थोडं चुकार असतं, हे आपण द मेराँच्या, अंधारातही पानांची उघडमीट करणाऱ्या लाजाळूपासून पाहत आलोय. मग काळ्याकुट्ट गुहेत ते रोजच्या रोज जुळवतं कोण?

सोपं उत्तर असं, की पाकोळी स्वतः बघून येते. काही वर्षांपूर्वी मी मावळातल्या एका लेण्यासमोर सलग नऊ संध्याकाळी बसलो होतो. सोबत वही, घड्याळ आणि सूर्यास्ताची वेळ बघायला पंचांग. पहिली पाकोळी दिसली की वेळ लिहायची. पंचांगातला सूर्यास्त आणि पहिली पाकोळी यांतलं अंतर जवळजवळ ठरलेलं. आभाळ भरून आलेल्या दोन संध्याकाळी मात्र त्या दहा-बारा मिनिटं आधीच बाहेर. म्हणजे नुसतं आतल्या घड्याळावर भागत नव्हतं, बाहेर किती उजेड आहे हेही त्यांना कळत होतं. नीट बघितल्यावर लक्षात आलं, की बाहेर पडण्याच्या बऱ्याच आधीपासून एखाददुसरी पाकोळी लेण्याच्या दारापर्यंत यायची, गिरकी घ्यायची आणि परत आत. पुन्हा थोड्या वेळाने तेच. मुंज्या मुलांनी पंक्ती वाढल्या का म्हणून स्वयंपाकघरात चकरा माराव्यात, तसं. ट्वेंटे नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने 1955 साली या सवयीला शास्त्रीय नाव दिलं. त्याचा अर्थ उजेडाचा नमुना घेणं. मी आपला 'डोकावणं' म्हणतो.

पण गुरुजी एवढ्यावर सोडणाऱ्यांतले नाहीत. दाराशी डोकावणाऱ्या पाकोळीचं ठीक आहे. जी आत, तीन वळणं पलीकडे छताला लटकली आहे, जिने डोकावलंच नाही, तिचं काय?

या प्रश्नाचं उत्तर शोधलं गेलं ते आपल्याच देशात, मदुराईला. एम. के. चंद्रशेखरन (1937–2009) हे नाव या लेखमालेत आधीच यायला हवं होतं. उशीर झाला, ती चूक माझी. मद्रासला समुद्रकाठच्या वाळूत राहणाऱ्या एमेरिटा या खेकड्याच्या भरती-ओहोटीच्या लयीवर त्यांनी काम केलं. मग जर्मनीत ट्यूबिंगनला एर्विन ब्यूनिंग यांच्याकडे गेले (घेवड्याच्या पानांवाले ब्यूनिंग, पाचवा लेखांक), आणि सत्तरच्या दशकाच्या मध्याला मदुराईच्या विद्यापीठात येऊन स्थिरावले. भारतातलं घड्याळशास्त्र तिथून फोफावलं. पुढे ते बंगळूरला गेलं. आपल्या अहमदनगर कॉलेजातही हिमालयातल्या फळमाश्यांच्या घड्याळांवर काम झालं. त्याच्यावर एक अख्खा लेखांक माझ्या मनात आहे.

मदुराईच्या आसपासच्या डोंगरांत वटवाघळांच्या गुहा आहेत. जर्मनीत युर्गेन अशोफ यांना माणसांच्या लयी तपासायला जमिनीखाली खोल्या बांधाव्या लागल्या. मदुराईकरांना ती खोली निसर्गाने बांधूनच दिली होती. खोल गुहेत दिवसरात्र सारखाच अंधार. तापमान हलत नाही, हवा कायम दमट. तिथे राहायचं हिपोसिडेरॉस स्पिओरिस, म्हणजे मुठीत मावेल एवढं, पानाच्या आकाराच्या नाकाचं, कीटकांवर जगणारं वटवाघूळ.

मारिमुथु, सुब्बराज आणि चंद्रशेखरन यांनी केलं ते असं. एक वटवाघूळ पकडायचं आणि गुहेच्या आत, उजेड पोचत नाही अशा ठिकाणी पिंजऱ्यात ठेवायचं. पिंजऱ्यात ते कधी उडतं, कधी स्वस्थ लटकतं, याची नोंद आपोआप होत राहील अशी सोय करायची. त्याला बाहेर जाता येत नाही, दाराशी येऊन डोकावता येत नाही. भोवती मात्र त्याचे शेकडो भाऊबंद मोकळे. ते संध्याकाळी जातात, पहाटे परततात.

आता या कैद्याचं घड्याळ ढळायला हवं. ढळलं नाही. दिवसामागून दिवस, बाहेर सांज झाली की पिंजऱ्यातलं वटवाघूळही फडफडू लागायचं. अगदी 24 तासांचा फेरा.

मग त्यांनी तसाच पिंजरा एका रिकाम्या गुहेत ठेवला. तसाच अंधार, तशीच हवा. कमी एवढंच, की सोबतीला कोणी नाही. तिथे कैद्याचं घड्याळ 24 तासांना धरून राहिना. प्रत्येक दिवशी थोडं थोडं सरकत ते बाहेरच्या सूर्याशी फारकत घेऊन आपल्या चालीने चालू लागलं, सिफ्रसारखं.

म्हणजे आतल्या पाकोळीला वेळ सांगतात तिच्या शेजारणी. दाराशी कोणीतरी डोकावतं, उजेड बघतं, परत येतं. मग आत लगबग सुरू होते आणि तीन वळणं पलीकडे, जिथे सूर्य कधीच पोचत नाही, तिथे सांज झाल्याची वर्दी पोचते. हे निष्कर्ष 1978 आणि 1981 मध्ये जर्मनीतून निघणाऱ्या शोधपत्रिकांत छापून आले.

इथे शंका येते, की कुठलाही गलबला झाला तरी चालत असेल. ती तपासायला मारिमुथु आणि चंद्रशेखरन यांनी एका वेगळ्याच कुळातलं वटवाघूळ आणून या पाननाक्यांच्या गुहेत ठेवलं. भोवती रोजची ये-जा तीच, लगबग तीच. पाहुण्यावर काही परिणाम झाला नाही. त्याचं घड्याळ रिकाम्या गुहेतल्यासारखंच सरकत राहिलं. वर्दी आपल्याच जातकुळीची लागते. परक्या गावच्या देवळातली घंटा वाजते, पण ती आपल्याला जेवायला बोलावत नाही.

अशोफ यांनी घड्याळ जुळवणाऱ्या बाहेरच्या खुणेला जर्मन भाषेत जो शब्द दिला, त्याचा सरळ अर्थ 'वेळ देणारा'. या लेखमालेत आजवर तो मान आपण सूर्यालाच दिला. मदुराईने दाखवलं, की वेळ देणारा तुमचा शेजारीही असू शकतो. आणि आईसुद्धा. तिथल्या शेतांत राहणाऱ्या मस बुडुगा या इवल्या उंदरावर विश्वनाथन आणि चंद्रशेखरन यांनी काम केलं. पिल्लं सतत अंधारात, आई 12 तास जवळ आणि 12 तास दूर. पिल्लांची घड्याळं आईच्या ये-जा करण्याशी जुळली. आई जवळ म्हणजे दिवस, आई गेली म्हणजे रात्र. बिळात खरोखर तसंच घडतं, कारण आई रात्री दाणे शोधायला जाते. 1985 साली हा शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दिवसभर दुसरं काही वाचलं नाही.

आता दाराशी डोकावणाऱ्यांकडे परत जाऊ, कारण गोष्टीचा दुसरा अर्धा भाग तिथे आहे. डोकावणं क्षणभराचं, आणि गुहेच्या तोंडाशी असलेला उजेडही आतपर्यंत येता येता विरलेला. एवढ्याशा उजेडावर घड्याळ जुळतं? जोशी आणि चंद्रशेखरन यांनी याच वटवाघळावर तपासलं. 1982 च्या त्यांच्या शोधनिबंधाचं शीर्षकच सांगतं, की चांदण्यांच्या उजेडाहून मंद असलेला दिवसाचा उजेडही वटवाघळाचं घड्याळ जुळवायला पुरतो. दोन वर्षांनी त्यांनी उलट टोक गाठलं : उजेड प्रखर, पण वेळ जवळजवळ नाहीच. एकच लखलखाट, अर्ध्या मिलिसेकंदाचा, म्हणजे सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाचा. घड्याळ सरकलं.

तुलनेसाठी बाराव्या लेखांकातल्या पॅट्रिशिया डीकोर्सी यांच्या उडत्या खारी आठवा. तिथे प्रत्येक वेळी दहा मिनिटं दिवा लावला होता. त्याच वेळी आपण पाहिलं होतं, की उजेड कधी पडतो याला महत्त्व आहे. निशाचर प्राण्याला रात्रीच्या सुरुवातीला उजेड दिसला तर घड्याळ मागे सरकतं ('अरे, अजून दिवस मावळला नाही वाटतं'), रात्र सरताना दिसला तर पुढे सरकतं ('उजाडलं की!'), आणि भर दिवसा दिसला तर जवळजवळ काहीच होत नाही. दिवसा उजेड असायचाच, त्यात बातमी कसली? घड्याळ चुकार असूनही जे चालतं ते या सोयीमुळे. रोज थोडं चुकायचं आणि रोज सांजसकाळी जुळवून घ्यायचं. ऋतूंप्रमाणे सूर्यास्त मागेपुढे होतो, त्याच्याबरोबर राहायचं तर घड्याळ जुळवून घेणारंच हवं. हट्टाने अचूक 24 तास चालणारं घड्याळ पाकोळीच्या कामाचं नाही.

सेकंदाचा दोन हजारावा भाग वाचून मी दचकलो, त्याला कारण आहे. छायाचित्र काढताना आपण फ्लॅश मारतो, त्याचा लखलखाट साधारण एवढाच असतो. आणि तो मी मारलाय. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका गडावरच्या गुहेत आम्ही मुक्कामाला होतो. पहाटे साडेचारला पाकोळ्या परतू लागल्या, डोक्यावरून सुळसुळत आत शिरू लागल्या, आणि मी उत्साहाने अख्खा रोल संपवला. छत्तीस फोटो, छत्तीस लखलखाट, तेही रात्र सरतानाच्या नाजूक वेळेला. फोटो एकही धड आला नाही. छताच्या पाकोळ्यांना मात्र त्या पहाटे मी छत्तीस वेळा खोटं सांगितलं, की उजाडलं. आणि आता मदुराईची गोष्ट कळल्यावर वाटतं, ज्यांनी माझा फ्लॅश पाहिलाही नाही, त्या आतल्या शेजारणींपर्यंतही ते खोटं पोचलं असेल. वर्दी देणाऱ्यांनाच मी चकवलं होतं.

गुरुजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं : पाकोळीचं घड्याळ सिफ्रच्या घड्याळाहून अचूक नाही. सिफ्र एकटा होता, पाकोळी एकटी नसते. त्यांच्यातली एखादी दाराशी जाऊन बघून येते, बाकीच्यांचं तिच्यावर भागतं.

पुढच्या आठवड्यात डॉल्फिन, नक्की. तोवर एक मागणं. आता पावसाळा ओसरला की गडांवर मुक्काम सुरू होतील. दुपारी लेणं बघायला गेलात तर तुमच्या फ्लॅशने पाकोळ्यांची झोप मोडेल, घड्याळ बहुधा वाचेल. पण गुहेत राहणार असाल तर सांज झाल्यापासून उजाडेपर्यंत छताकडे फ्लॅश मारू नका, बॅटरीचा झोतही वर नेऊ नका. अंधारात गप्प बसा आणि नुसतं ऐका.