तेल लागलेली पाती : दुरुस्ती केव्हा करावी?

जुनी लेन्स हाती आली, की जाणकार मंडळी ती प्रथम उजेडासमोर धरतात. भिंगावर बुरशी नाही ना हे पाहून आतल्या पात्यांकडे वळतात. त्यांच्यावर तेलाची चमक दिसली, की लेन्स ‘गेली’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. हा निकाल घाईचा आहे. तेल आहे की नाही यापेक्षा पाती वेळेवर हलतात की नाही, हा खरा प्रश्न होय.

हे तेल येते कोठून? फोकस साधताना लेन्सची जी आट्यांची नळी फिरते, तिला ग्रीस लावलेले असते. वर्षे लोटली आणि उष्णता लागली, की ग्रीसमधले तेल सुटते व पात्यांच्या फटींत शिरते. पाती कोरडी चालावीत अशीच मूळ योजना असते. तेलामुळे ती एकमेकांना धरून ठेवतात.

सोव्हिएत काळातील झेनिट कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या हेलिऑस लेन्सचेच उदाहरण घेऊ. ‘हेलिऑस-४४-२’ या ५८ मिलिमीटरच्या लेन्समध्ये ८ पाती असून ती कडे फिरवून हातानेच मिटायची असतात. त्यामुळे थोडे तेल असले तरी छायाचित्र बिघडत नाही. ‘हेलिऑस-४४ एम’ची गोष्ट निराळी. तिच्या पाठीमागे एक खिळी असते. शटर उघडण्यापूर्वी कॅमेरा ती दाबतो आणि त्या निमिषात पाती मिटावी लागतात. एफ ८ ठरवले असताना पाती एफ २ वरच अडकली, तर फिल्मवर १६ पट प्रकाश पडतो आणि चित्र पांढरेफटक होते.

म्हणून परीक्षा सोपी आहे. खिळी बोटाने दाबून सोडावी. पाती झटकन मिटून उघडली, तर लेन्स खुशाल वापरावी. ती रेंगाळत असतील, तर कळ ‘एम’वर आणून, पाती जागेवर आल्याचे डोळ्यांनी पाहून, स्थिर विषयांची छायाचित्रे घेता येतात. परंतु कडे जड फिरू लागले किंवा भिंगावर आतून तेलाचा धूसर थर दिसला, तर थांबावे. जोर केल्यास नाजूक पाते वाकते. मग साधी सफाई पुरत नाही.

सफाई म्हणजे लेन्स उघडून, पाती सोडवून द्रावकाने पुसणे व कोरडीच परत बसवणे. न उघडता आत द्रावक सोडला, तर तेल भिंगांवर पसरते. वंगण घालणे तर त्याहून वाईट.

शेवटी प्रश्न पैशांचा. हेलिऑस लेन्स लाखोंनी बनल्या. मजुरीपेक्षा दुसरी लेन्स स्वस्त पडू शकते. तेव्हा आधी दोन्ही किमती विचाराव्यात. लेन्स वडिलार्जित असेल, तर मात्र हा हिशेब ज्याचा त्यानेच करावा. तोवर ती उन्हापासून दूर ठेवणे एवढे तरी बिनखर्चाने जमते.