निवृत्तांची पुनर्नियुक्ती आणि आपली मुले

राज्यातील विद्यापीठांचे अध्यापक साठाव्या वर्षी निवृत्त होतात, केंद्रीय विद्यापीठांतील पासष्टाव्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने पुढे सत्तरीपर्यंत कराराने पुनर्नियुक्ती मान्य केली. प्रथम तीन वर्षे, मग दोन. मात्र पद रिक्त असावे आणि पात्र अध्यापकांच्या निवडीस वा बढतीस बाधा येऊ नये, ही अट घातली. आमच्या मते सारे मर्म या अटीत आहे. निवृत्तांची विद्वत्ता आम्हांस वंदनीयच. परंतु त्यांच्यासाठी अडलेल्या पदाची जाहिरात निघत नाही, आणि जाहिरातीविना बिंदुनामावलीतील अनुसूचित जातींचे १३ टक्के कागदावरच राहतात. ईटसारख्या गावांतून गेलेली नेट-सेट उत्तीर्ण मुले-मुली तोवर तासिका तत्त्वावर शिकवीत वय घालवितात. ज्येष्ठांनी संशोधकांना मार्गदर्शन अवश्य करावे. पदाची जाहिरात मात्र निवृत्तीपूर्वीच निघावी, ही मागणी माजी विद्यार्थ्यांनी कुलसचिवांकडे लेखी नोंदवावी.