वळूची परीक्षा

कारवारहून घाट चढून जोयडा तालुक्यात येणाऱ्या पाहुण्यास अणशीच्या आसपास चरणाऱ्या बुटक्या गाई पाहून थोडी गंमतच वाटते. या गाई मलनाड गिड्डा जातीच्या. कानडीत गिड्डा म्हणजे ठेंगणा. दूध दिवसाला दोन-तीन लिटर, पुष्कळदा त्याहूनही कमी. परंतु मुसळधार पाऊस, निसरडे उतार आणि रानातील चाऱ्यावर ही गाय निभावून नेते. विलायती रक्ताच्या गाईस पेंड, औषधपाणी व कोरडा गोठा यांवाचून तेथे दिवस काढणे कठीण. म्हणून दूध वाढवावयाचे ते गिड्ड्यास घालवून नव्हे, तर गिड्ड्यांतीलच चांगली जनावरे निवडून, असे आमचे मत आहे. अडचण एवढीच की, चांगला वळू ओळखावा कसा? तो तर दूध देत नाही!

आजवर याला खात्रीचा मार्ग एकच होता : त्याच्या लेकींचे दूध मोजणे. वळू वयात यावयाचा, त्याच्या कालवडी जन्मून वाढावयाच्या, त्या विऊन त्यांचे एक वेत पुरे व्हावयाचे, तोवर सहा-सात वर्षे उलटतात. शिवाय एकेका वळूच्या कित्येक लेकी अनेक गोठ्यांत मोजाव्या लागतात. मोठ्या कळपांच्या देशांस हे परवडले. दोन-चार गुरांच्या घरांस कोठून परवडावे?

२००१ साली म्यूविसेन, हेज व गोडार्ड या शास्त्रज्ञांनी निराळी वाट दाखविली. रक्ताच्या किंवा केसांच्या मुळांच्या नमुन्यावरून जनावराच्या जनुकांतील हजारो खुणा एका लहानशा चिपेवर वाचता येतात. ज्या गाईंचे दूध प्रत्यक्ष मोजले आहे त्यांच्या खुणांशी वासराच्या खुणा ताडून पाहिल्या, की ते पुढे कसे निघेल याचा अंदाज जन्मतःच बांधता येतो. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, ते असे! अमेरिकेत होल्स्टीन गुरांसाठी २००९ पासून हे मूल्यमापन अधिकृत आहे. वंशावळीची वही नसली तरी नातेगोते जनुकांतूनच उमगते, हा गरीब देशांस मोठाच लाभ.

आपल्याकडे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे स्थापिलेल्या बाएफ संस्थेने कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारी नेले; पुढे जनुक-निवडीचे कामही हाती घेतले. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे पंतप्रधानांच्या हस्ते देशी गाईंसाठी ‘गौ चिप’ व म्हशींसाठी ‘महिष चिप’ यांचे उद्घाटन झाले.

तथापि चिप हा नुसता तराजू आहे. वजने म्हणजे मोजलेले दूध. होल्स्टीनच्या मोजणीवरून गिड्ड्याची पारख होत नाही, गीरच्या मोजणीवरूनही नीट होत नाही. त्याच जातीच्या शेकडो, किंबहुना हजारो गाईंच्या नोंदी लागतात. टांझानिया व इथिओपिया येथे २०१६ पासून आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेने लहान शेतकऱ्यांच्या गोठ्यांतूनच अशा नोंदी जमविण्याचे काम चालविले. रानात चरणाऱ्या गाईचे मात्र सारेच अवघड. तेथे कळपात जो वळू असेल तोच बाप. आणि निम्मे दूध वासरू पिते, ते कासंडीत येतच नाही.

त्यातही आमच्या खेड्यांतील एक रीत घातक आहे. अंगाने भरलेला खोंड औतासाठी खच्ची करतात, आणि उरलेला किरकोळ खोंड कळपाचा बाप होतो! ही उलटी निवड थांबविण्यास चिपेची वाट पाहावी लागत नाही. आणखी एक सावधगिरी हवी. केवळ दुधावरच नजर ठेवून निवड केली, तर चढावर टिकणारे पाय आणि वेळच्या वेळी विण्याचा गुण हातचा जाईल. म्हणून वहीत दुधाच्या मापाशेजारी विण्याच्या तारखा, आजारपण आणि वासराचे आईबाप हेही लिहावे. रेतनाची कांडी घेऊन पशुवैद्य दारी आले म्हणजे ती कोणत्या जातीच्या वळूची, त्याच्या आईचे दूध किती मोजले, आणि त्याच्या लेकी कोणत्या मुलुखात चरतात, हे त्यांस अवश्य विचारावे.