इफ्ताहचा नवस : एक ऑरेटोरिओ ऐकताना

मंडळी, सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी गाण्यातला जाणकार नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पाश्चात्त्य संगीताशी संबंध आला तो मुलीमुळे. ती लंडनला असते. तिच्याकडे गेलो होतो तेव्हा एका संध्याकाळी ती मला एका जुन्या चर्चमध्ये घेऊन गेली. तिथे हँडलचा 'जेफ्था' हा ऑरेटोरिओ होता. मध्यंतर धरून जवळजवळ तीन तास, आणि बसायला लाकडी बाक. कीर्तनाला मांडी घालून बसायची लहानपणापासूनची सवय, म्हणून निभावलं!

ऑरेटोरिओ म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगतो. बायबलमधली कथा एकल गायक, वाद्यवृंद आणि एक मोठा गायकसमूह मिळून गातात. पण नाटक करत नाहीत. पडदा नाही, वेशभूषा नाही, हातवारे नाहीत. बाप काळा कोट घालून, हातात वही धरून उभा. जिचा बळी द्यायचा ती मुलगी त्याच्यापासून चार हातांवर, तिच्याही हातात वही. आपली पाळी आली की उठायचं, गायचं, परत खाली बसायचं.

हे नाव मुळात रोमचं. सोळाव्या शतकात फिलिप नेरी यांच्या प्रार्थनागृहात भक्तिगीतं होत असत. अशा प्रार्थनागृहाला ऑरेटोरी म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. लंडनमध्ये १७३२ साली हँडलच्या 'एस्तेर'चा प्रश्न निघाला, तेव्हा पवित्र कथा नाट्यगृहात अभिनय करून दाखवायला तिथल्या बिशपांनी हरकत घेतली, असं सांगतात. मग हँडलने अभिनयाशिवाय कार्यक्रम केला. बंदी आली आणि त्यातून एक प्रकार रुजला.

आपल्याला हे अजिबात परकं वाटायला नको. आपला कीर्तनकार काय वेगळं करतो? एकटा माणूस उत्तररंगात आख्यान लावतो. घटकेत तो राजा असतो, घटकेत राणी, आणि अंगावर तोच फेटा, तेच उपरणं. ऑरेटोरिओत निवेदनासारखं, बोलण्याच्या अंगाने गायलेला भाग असतो, त्याला रेसिटेटिव्ह म्हणतात. मग कथा थांबते आणि पात्र आपल्या मनातलं गातं, ती आरिया. म्हणजे आपलं पद. कोरस मात्र वेगळा. आपले टाळकरी बुवांना साथ करतात. तिथे कोरस हे स्वतंत्र पात्रच असतं. या कथेत तो म्हणजे इस्राएली जनता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. (आणि बायबलची कथा मराठीतून ऐकवणंही नवं नाही. फादर स्टीफन्सचं ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' गोव्यात १६१६ साली छापलं गेलं. म्हणजे हँडलच्या जन्माच्या जवळपास सत्तर वर्षं आधी!)

आता कथा. मराठी बायबलात 'शास्ते' या पुस्तकाचा अकरावा अध्याय बघा. नाव तिथे इफ्ताह असं आहे. हा वेश्येचा मुलगा, सावत्र भावांनी घराबाहेर काढलेला. अम्मोनी लोकांशी युद्धाची वेळ आली तेव्हा गावचे वडीलधारे त्यालाच बोलवायला गेले. लढाईआधी तो नवस बोलला : जय मिळाला, तर परतल्यावर माझ्या घरातून जे पहिलं मला सामोरं येईल, ते देवाला अर्पण करीन. जय मिळाला. आणि सामोरी आली ती एकुलती एक मुलगी, डफ वाजवत, नाचत. हँडलने तिच्या तोंडी जे स्वागताचं गाणं दिलंय ते खरोखरच नाचाच्या ठेक्यातलं आहे. पुढे काय होणार ते श्रोत्यांना माहीत असतं, त्या पोरीला नसतं. त्या आनंदी चालीवर मला बसवेना.

मला तिथे आठवलं ते गुलमंडीजवळचं देऊळ. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. चातुर्मासातलं कीर्तन, आख्यान चिलया बाळाचं. 'शिवलीलामृता'तलं, तुम्हाला ठाऊकच आहे. बुवा रंगले होते, बायका डोळे पुसत होत्या. चांगुणा उखळात लेकराचं शिर कांडते तिथवर कथा आली, आणि माझी आई उठली. माझा हात धरून सरळ बाहेर. वाटेत मी विचारलं, "आई, पुढे काय होतं गं?" ती म्हणाली, "जिवंत होतो. पण आधी कांडतातच ना!" मंडळी, नंतर एवढी पुस्तकं वाचली, पण या विषयावर इतकं नेमकं वाक्य मला मिळालेलं नाही.

हँडलच्या कथेतही शेवटी सुटका आहे. मूळ बायबलात ती नाही. तिथे बापाने नवसाप्रमाणे केलं एवढंच म्हटलंय, आणि मुलीला नावसुद्धा नाही. संहिता लिहिणाऱ्या थॉमस मॉरेल या धर्मोपदेशकाने तिला इफिस हे नाव दिलं आणि शेवटी देवदूत आणला. तो सांगतो की मारू नका, तिने आजन्म कुमारी राहून देवाची सेवा करावी. अठराव्या शतकाला तेवढं सोसलं असावं. मला हा देवदूत पटत नाही. सगळा अंधार पसरून झाल्यावर दिवा लावणाऱ्या वायरमनसारखा तो येतो. (हशा)

पण दुसऱ्या भागाच्या शेवटचा कोरस! देवाचे निर्णय किती अंधारे, माणसाला किती न कळणारे, असा त्याचा आशय आहे. हँडल तो लिहीत होता तेव्हा त्याचे डोळे जात होते. १३ फेब्रुवारी १७५१ रोजी त्याने हस्तलिखितातच जर्मन भाषेत टिपलंय की डाव्या डोळ्यामुळे इथे थांबावं लागलं. 'मसाया' त्याने १७४१ साली २४ दिवसांत लिहिला होता. हा ऑरेटोरिओ पुरा व्हायला ऑगस्ट उजाडला. २६ फेब्रुवारी १७५२ रोजी कव्हेंट गार्डनला पहिला प्रयोग झाला. ही त्याची शेवटची मोठी नवी रचना.

आणि आता माझ्या विषयाची गोष्ट. त्या कोरसच्या अखेरीस मॉरेलने म्हटलं होतं की देव जे ठरवतो ते योग्य. हँडलने ते बदललं आणि कवी पोपचा आशय घातला : जे जे आहे ते योग्यच आहे. आता हे कोण म्हणतंय? जनता. जिला विजय मिळाला ती. मुलगी कुणाची जाणार? त्यांची नव्हे. संगीतात ते शब्द थांबून थांबून, खिळा ठोकावा तसे येतात. मला तरी ते समाधान वाटलं नाही. स्वतःला पटवून देणाऱ्या जमावाचा आवाज वाटला. ज्यांना तिथे श्रद्धा ऐकू येते त्यांना मी चूक म्हणणार नाही, पण माझे कान तसं ऐकत नाहीत.

कीर्केगारने १८४३ च्या 'भय आणि कंप' या ग्रंथात इफ्ताहला ॲगमेम्नॉनच्या रांगेत बसवलंय. हे शोकनायक. त्यांचं कृत्य सर्वांच्या हितासाठी असतं, म्हणून लोकांना ते समजतं आणि लोक त्यांच्यासाठी रडतात. अब्राहाम मात्र कुणालाच काही समजावून सांगू शकत नाही. भेद मोठा आहे. पण इफ्ताहबाबत माझा आक्षेप आहे. ॲगमेम्नॉनकडे बळी मागितला गेला होता. इफ्ताहकडे कुणी मागितला? देवाने नाही, गावानेही नाही. त्याने आपणहून दुसऱ्याचा जीव बोलून टाकला. आपल्या ऐतरेय ब्राह्मणातला हरिश्चंद्र मला जास्त माणसासारखा वाटतो. वरुणाला मुलगा द्यायचं कबूल करतो आणि मग आधी दात येऊ देत, मग दात पडू देत, अशा तारखा मागत राहतो. अर्थात शेवटी तिथेही शंभर गाई देऊन दुसऱ्याचा मुलगा, शुनःशेप, आणलाच. तेव्हा फार फुशारकी नको.

कार्यक्रम संपला, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मुलगी बसूनच होती. गाडीत बऱ्याच वेळाने म्हणाली, "बाबा, तिची आई ओरडते, काका ओरडतो, होणारा नवरा ओरडतो. तिला मात्र कुणी विचारतच नाही. नंतर येऊन ती आपली 'हो' म्हणते."

तिचं म्हणणं त्या चौघांच्या गाण्याबद्दल होतं. तिघे बापाला विनवतात, आणि बाप एकटा नाही म्हणत राहतो, सगळे एकाच वेळी. कीर्तनात एका गळ्याला हे करता येत नाही. घरी ऐकणार असाल तर थेट दुसऱ्या भागापासून लावा, मुलगी नाचत येते तिथून. चौघांचं गाणं झालं की मुलगी काय गाते ते नीट ऐका, आणि मग कोरस. साधारण अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.