ऋतुमान आणि हृदयक्रिया

रविवार, दि. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथील मोकळ्या मैदानावर ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्कार प्रदान सोहळा झाला. लाखोंचा जनसमुदाय भर उन्हात बसला होता. उष्माघाताने त्या दिवशी व पुढील काही दिवसांत चौदा जण मृत्युमुखी पडले. नजीकच्या हवामान केंद्रावर सुमारे ३८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. विदर्भातील वाचकास हा आकडा किरकोळच वाटेल.

परंतु आकडा फसवा आहे. शरीर थंड होते ते घाम वाळल्याने. खाडीकाठच्या दमट हवेत तो वाळतच नाही. हवामान विभागही उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी प्रदेशात ४० अंशांपासून, तर किनारपट्टीवर ३७ अंशांपासूनच करतो.

या काळात सर्वाधिक श्रम पडतात ते हृदयाला. उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो आणि तो सावरण्यासाठी नाडी जलद चालते. घामावाटे पाणी व क्षार गेल्याने रक्त दाट होते, ठोक्यांची लय बिघडू शकते. मूळचे दुबळे हृदय अशा वेळी एकाएकी बंद पडण्याचा संभव असतो.

थंड हवामानाच्या देशांत रुग्णालयाबाहेर हृदयक्रिया बंद पडण्याच्या घटना हिवाळ्यात वाढतात. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो. त्यात श्वसनविकारांची भर पडते. निफाडकडील पहाटेही हे ध्यानी ठेवावे. मात्र तेथील निष्कर्ष जसेच्या तसे उचलून कोकणातील एप्रिल-मे निर्धोक मानणे चुकीचे ठरेल.

सभेची, जत्रेची वा शाळेच्या कवायतीची वेळ ठरविणे अखेर माणसाच्याच हाती असते. दुपारी बारा ते तीन ही वेळ टाळावी. मांडवाची सावली व पाणी यांची तजवीज निमंत्रणपत्रिका छापण्यापूर्वीच व्हावी.

उन्हात कोणी भ्रमिष्टासारखे बोलू लागल्यास त्यास सावलीत नेऊन अंगावर पाणी शिंपडावे व वारा घालावा. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये. श्वास थांबला असेल, किंवा नुसते आचके येत असतील, तर हृदयक्रिया बंद पडली असे समजावे. उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते. एकाने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी; दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, मिनिटास १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये.